आक्काच्या दारात मागितलेला रक्ताचा थेंब

मी ग्यानबा. आडनाव घालू नका, आडनाव आलं की सगळी भावकी उठून बसती आन नवीन भांडण व्हतं, जुनंच अजून मिटलं न्हाई. गाव आमचं कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, बाजाराला पायी जाऊन येता येईल इतकंच लांब. जातीनं धनगर. बापाची मेंढरं व्हती, मीबी मेंढरामागंच वाढलो, शाळा दुसरीपोतर, त्याच्यातबी मास्तराच्या घरचं पाणी भरण्यातच दिवस गेले. पण सही येती मला. कुणी अंगठ्यासाठी शाई म्होरं केली की डोकं फिरतं, म्हणतो पेन द्या.

आमी तिघं. आक्का थोरली, मी मधला, बाळू लहाना. बाळूचं आधी सांगतो, त्याच्याबिगर म्होरचं समजायचं न्हाई. बाळूची हाडं दुखायची. थंडी पडली, पावसात भिजला, पोरात जरा पळाला की धरलंच. डोळे हळदीवानी पिवळे. आई विटकरीचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्यायची, आन तो वरडायचा न्हाई, कण्हायचा, अडल्याली मेंढी कण्हती तसा. काय सांगू तुमाला, तो आवाज या कानातून अजून गेला न्हाई. लोक म्हणायचे हाडात वारं शिरलं, कुणी म्हणलं देवाचं हाय, बकरं द्या. बकरंबी दिलं. मिसरूड फुटायच्या आधीच गेला, आक्काच्या मांडीवर.

आता आमच्यात मामाची पोरगी करायची रीत. माझी आई म्हणजे माझ्या बापाच्या सख्ख्या मामाची पोरगी. घरातली पोर घरात राहती, सासू परकी न्हाई, देण्याघेण्याचं भांडण न्हाई, चांगलीच रीत म्हणायचो आमी. आक्काला भोकरदनकडं दिली. माझ्या पोराला पोरगी झाली, रुपाली, तवा आक्का बारशाला आल्ती. पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले आन सगळ्या बायांदेखत म्हणली, ग्यानबा, ही माझ्या नातवाची. म्या म्हणलं, ने. झालं. आमच्यात त्याला कागद लागत न्हाई, तोंडातून गेलं ते गेलं.

मंडळी माझी वारली, पोरगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, सून तिथंच. रुपाली नर्सिंगला गेली. एकदा गावात शाळेवर रक्त तपासायची माणसं आली, संभाजीनगरच्या कॉलेजातली, ते म्हणे लाल पेशींवर अभ्यास करून राह्यलेत, कोणच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कसा आजार उतरतो ते बघायचं. रुपाली सुट्टीला आल्ती, म्हणली, आबा, चला. म्या म्हणलं माझं रक्त उन्हातान्हात पक्कं झाल्यालं हाय, त्याला काय बघायचं. म्हणली, सुईला भेले का? मंग काय, सगळ्यात आधी बाही वर करून मीच बसलो.

काही दिवसांनी त्या मॅडम परत आल्या. वयानं माझ्या पोरीसारख्या, पण बोलणं बराबर, उगी लाडीगोडी न्हाई. म्हणल्या, आबा, तुमच्या रक्तात सिकलसेल निम्मा हाय. तुमाला त्रास न्हाई, व्हायचाबी न्हाई सहसा. रुपालीतबी निम्मा, जालन्याला तुमच्या पोराचं बघितलं तर त्याच्यातबी. म्या म्हणलं, निम्मा म्हंजे काय, दाखवा. त्यांनी माझंच रक्त काचेवर घेतलं, औषध घातलं, वरून झाकलं आन मला दुर्बिणीत बघाया लावलं. गोल गोल ताटल्या दिसल्या. म्हणल्या या हवा वाहून न्हेतात अंगभर, आता या काचेखालची हवा संपंल, थांबा. थांबलो. परत बघितलं तर त्या ताटल्या वाकल्याल्या, खुरप्यावानी. लै येळ बघत राह्यलो. म्या म्हणलं, मॅडम, मी उभ्या जल्मात कुणाफुडं वाकलो न्हाई आन माझं रक्त असं वाकतंय व्हय? तर त्या हसल्या, रुपालीबी हसली. मंग म्या बाळूचं सांगितलं. त्या हसायच्या थांबल्या. म्हणल्या, त्याला पुरा व्हता आबा. आईकडून निम्मा, वडलांकडून निम्मा. वारं न्हाई, देव न्हाई.

घरी आल्यावर रुपाली म्हणली, आबा, तुमी कळपातला एडका का बदलत व्हता? म्या म्हणलं, न बदलून कसं, तोच तोच एडका ठिवला तर कोकरं लुळी निपजत्यात, हे काय शिकवाया लागतं का धनगराला. ती नुसती बघत बसली माझ्याकडं. लै आगाऊ पोरगी.

लगीन जवळ आल्तं. मॅडमनी सांगितलं व्हतं, नवरदेवाचंबी रक्त बघा, त्याच्यात नसंल तर खुशाल लगीन लावा. त्याच्यातबी निम्मा निघाला तर दर बाळंतपणाला चार चिठ्ठ्यांतली एक वाईट, आन चिठ्ठी दर खेपेला नवी. रुपालीला इचारलं, तुझं काय? म्हणली, शब्द तुमी दिला, तुमी म्हणताल तर उभी राहते. असं बोलली म्हणून तर सगळं माझ्यावर आलं. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

मी एकटाच गेलो. अंबडवरून जालना, तिथं गाडी बदलून भोकरदन, म्होरं जीपनं. आक्कानं पाय धुवाया पाणी दिलं, च्या दिला. म्या सांगितलं, फक्त थेंबभर रक्त दे म्हणावं पोराला, नसंल त्याच्यात तर उद्याच्याला हळद लावू. आक्काचं तोंड असं झालं जसं म्या तिच्या चुलीत थुकलो. म्हणली, माझ्या घराचं रक्त तपासतो व्हय रे? पोरगी देयाची न्हाई तर सरळ सांग. म्या म्हणलं, आक्का, खोट असंल तर आपल्यातच हाय, तुझ्या-माझ्यात, आईबापातून आल्याली. तर म्हणली, आईला तीन झाली, एक गेलं, दोन हायेत ना बसल्याली? म्हणून बापानं आईला टाकली व्हती का? म्या म्हणलं, बाळू तुझ्या मांडीवर गेला. तर ती म्हणली, माझ्या मांडीवर गेला, तुझ्या न्हाई, मला नको सांगू. 

तरी म्या म्हणलं, रक्त बघितल्याबिगर पोर देणार न्हाई. म्हणली, मंग मी मेले तुला. वाळे सोबत आणल्ते, वट्ट्यावर ठिवले. तिनं हातबी लावला न्हाई.

आमी दोघंबी एकाच आईची. तीबी हटत न्हाई, मीबी न्हाई.

मंग भावकी तुटली. म्या काही लपवलं न्हाई, कुणी इचारलं लगीन का मोडलं तर सांगायचो, आमच्या रक्तात सिकलसेल हाय, तुमचंबी बघा. चुलतभाऊ घरी येऊन म्हणला, अरे गप बसाया काय घेतोस, आमच्या पोरी उजवायच्या हायेत. म्या म्हणलं, रोगाला लाज न्हाई, मला कशाला? तवापासून पारावर मी जाऊन बसलो की एकेकाला कामं आठवत्यात. कुणाला जनावराला पाणी, कुणाला मोटर बंद करायची. बसू द्या. मी बसतो एकटा, पार काय त्यांच्या बापाचा न्हाई. रुपालीचं अंबडला जमलं, पोरगा तपासून घेतला, साफ निघाला. लेकरू झालंय तिला, गुबगुबीत हाय. पण तिचा संसार, तिची ड्यूटी, फोन करती येळ मिळंल तसा. पोरगा म्हणतो जालन्याला या. तिथं तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? घर उघडं टाकून जाणारा माणूस न्हाई मी. सकाळी दोन भाकरी थापतो, एक सांजच्याला खातो.

दर भाऊबीजेला मात्र आक्काच्या गावाला जातो. घरी न्हाई जात. मेले म्हणली ती, मंग उंबरा कसा वलांडायचा? फाट्यावर च्याचं हाटेल हाय तिथं बसतो, गावातली माणसं बघत्यात, तिला कळतं मी आलोय. सांज झाली की जीप धरून परततो. हाटेलवाला पयल्यांदा म्हणायचा बाबा, कुणाकडं? आता इचारत न्हाई, च्या ठिवतो.

गेल्या भाऊबीजेला तिचा नातू आला तिथं, संतोष, रुपाली ज्याला द्यायची व्हती तोच. पाया पडला. म्हणला, आबा, माझं जमलंय दुसरीकडं, म्हणून जालन्याला जाऊन गुपचूप तपासून आलो. माझ्यात न्हाई. बिलकुल साफ.

 म्या च्या खाली ठिवला. तो खाली बघून म्हणला, मंग त्या वक्ताला झालं असतं की, आबा. म्या म्हणलं, झालं असतं. पण तवा कुणाला म्हाईत व्हतं? हिरीत पोर ढकलायची आन वर आली तर म्हणायचं बघा, पवता येत व्हतं? आजबी तोच परसंग आला तर मी तेच करीन, लिहा तुमी. पण आतून कसं व्हतंय ते नका इचारू.

पोरगा म्हणला, आजीला सांगितलं न्हाई, मी रक्त दिलं म्हणून कळलं तर घरात घ्यायची न्हाई. म्या म्हणलं, आजच सांग. म्हणावं, आजी, तुझंच खरं, तुझ्या घराचं रक्त साफ हाय, आबा हरला. असंच सांग, आबा हरला म्हणावं, माझ्या तोंडचं सांग. जिंकली म्हणून तरी येईल फाट्यावर, चार शिव्या देईल. शिव्या तर शिव्या, आवाज तर आयकाया मिळंल.

तो गेला. मी शेवटच्या जीपीपोतर बसलो. आली न्हाई. आता तिचंबी वय झालंय, गुडघं धरल्यात म्हणत्यात, फाटा काय जवळ न्हाई. का सांगितलंच न्हाई पोरानं, देव जाणे. त्याचं लगीन झालं, मला पत्रिका न्हाई. असू द्या. सुखात ऱ्हावा तो, त्याच्या घरात कधी विटकर तापवायची येळ येऊ नये. येत्या भाऊबीजेला मी जाणार. तिनं यायचं का न्हाई, ते तिचं.