ताणलेलं आवरण

बायको : बाथरूममध्ये पाय घसरला म्हणतोय. डॉक्टर, तुम्हीच सांगा, नुसतं पडल्यावर हे असं मोडतं?

डॉक्टर : मोडायला तिथे हाड नसतं. फाटलंय ते आतलं आवरण. रक्त जिथे भरतं, त्या भागाभोवती चिवट तंतूंचं वेष्टण असतं. आतले तंतू गोल फिरलेले, बाहेरचे लांबीच्या दिशेने. टायरमध्ये दोऱ्यांचे थर असतात ना, तसं.

बायको : म्हणजे मजबूत.

डॉक्टर : भलतंच मजबूत. एरवी ते तंतू चुणीदार, सैल असतात. धक्का बसला तरी भाग वाकतो, सरकतो. फार तर मुका मार लागतो.

बायको : मग फाटतं कधी?

नवरा : अगं, त्यांना ऑपरेशनची तयारी करायचीय...

बायको : तू गप्प बस. कधी फाटतं?

डॉक्टर : ताठ असताना. तेव्हा सगळ्या चुण्या उलगडलेल्या असतात, आवरण ताणून एरवीच्या पाव जाडीइतकं पातळ झालेलं असतं. आणखी ताणायला जागाच उरत नाही. आतला दाब ते सोसतं, पण एकाएकी वाकवलं की कट्‌! बहुतेक वेळा खालच्या अंगाला. तिथे बाहेरचा थर कमी पडतो.

बायको : म्हणजे अंघोळ करताना नाही.

डॉक्टर : मला फाटलेलं दिसतं, बाई. खोलीत कोण होतं ते नाही दिसत.

बायको : मला दिसतंय ना! मी आठवडाभर कामासाठी परगावी, इकडे याला रान मोकळं. आणि मी मूर्ख, याचा मेसेज आल्याबरोबर मिळेल ती बस धरून धावत आले. कोण रे ती? खालच्या मजल्यावरची? तिचा नळ दुरुस्त करायला बरा वेळ मिळतो तुला. आपल्या घरातला वर्षभर गळतोय.

नवरा : कोणी नव्हतं.

बायको : माझ्याच उशीवर झोपवलंस का तिला?

नवरा : कोणी नव्हतं गं! शप्पथ.

डॉक्टर : हे बघा, लाजू नका. कसं झालं ते मला खरंखरं कळायला हवं. मूत्रनळीलाही इजा असू शकते.

नवरा : पहाटे जाग आली. हिची आठवण येत होती. तसली... येते ना माणसाला. म्हणून फोन लावला.

बायको : मला? मला कुठे आला तुझा फोन?

नवरा : आला होता. पुरुषाने उचलला.

(बायको पर्समधून फोन काढून बघते.)

नवरा : झोपेतला आवाज होता. "कोण?" म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, असंच उठावं, तिथे जाऊन दोघांना समोर उभं करावं. पँट चढवायला लागलो, तर हे... ऐकेचना. स्वतःचाच इतका संताप आला, हाताने दाबलं. जोर लावून. आवाज झाला, आणि मग कळ.

डॉक्टर : हातानेही होतं असं. लघवीतून रक्त गेलं?

नवरा : नाही.

डॉक्टर : बरं झालं. आजच शिवू. वेळेवर शिवलं की बहुतेकदा नीट जुळून येतं. पुढे दीड महिना मात्र जपायचं. मी भूल देणाऱ्यांना सांगून येते. तुम्ही बसा.

बायको : मग बाथरूमचं कशाला सांगितलंस?

नवरा : हे सांगितलं असतं, तर ते विचारावं लागलं असतं.

बायको : अरे, फोन हॉटेलात न्याहारीच्या टेबलावर राहिला असेल. उचलला असेल कोणीतरी.

नवरा : उजाडलंही नव्हतं तेव्हा.

(बायको पायथ्याच्या पांघरुणाची घडी उलगडते.)

नवरा : नाव काय त्याचं?

बायको : गार पडलेत तुझे पाय. पांघरूण घालू?

नवरा : मी नाव विचारलं.

बायको : आधी टाके पडू देत.