दोनशे सतराची किल्ली

अहो नाही हो दादा, बसा, बसा की, उठवत नाहीये मी तुम्हाला. बाक काय माझ्या मालकीचा आहे होय? मी आपलं एवढंच विचारलं की पालकांचा कार्यक्रम दोनला संपला, आता साडेतीन होऊन गेले, तर कोणाची वाट बघताय का — नाही? सहज बसलाय? बरं. सहजच बसतात सगळे. दरवर्षी नव्या मुलींच्या स्वागताच्या दिवशी या बाकावर कोणीतरी सहज बसलेलं असतंच. गेल्या वर्षी एक बाई होत्या, म्हणाल्या, बसची वाट बघतेय. वसतिगृहाच्या आत कुठली आलीय बस? मी चहा पाजला, म्हटलं येईल हो, आज जरा उशीर झाला असेल. तुम्ही घेणार का चहा? थर्मासमध्ये अर्धा आहे. नको? नको तर नको. पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसू नका हो, मला या खिडकीत दिवसभर बोलायची सवय, समोरचा गप्प असला की मी दोघांचंही बोलते.

आणि तो बिल्ला काढलात तरी चालेल आता. का म्हणजे? वाचला नाहीत? कमाल झाली — सकाळपासून छातीवर लावून फिरताय आणि वाचला नाहीत! वाचा. अहो, असा सुलट धरा. हं. मोठ्यानं. 'बालक'! हसा, हसा, आता कुठे हसलात. पालकांचे बिल्ले पिवळे, मुलींचे निळे, असं ठरलं होतं, आणि मजकूर मी लिहून छापखान्यात दिला होता. सकाळी सातला गठ्ठा सोडते तर काय, तीनशेच्या तीनशे बालक. छापखानेवाल्याला फोन लावला, म्हटलं डोळे कुठे ठेवले होते, तर तो म्हणतो, बाई, तुम्ही जे लिहिलंत तेच छापलं, कागद आहे माझ्याकडे. कागद बघितला. आहे माझा प जरा पोट सुटलेला, काय करू? रेक्टरबाई अशा तापल्या म्हणता! म्हणाल्या, एकही वाटायचा नाही. मी म्हटलं, बाई, वाटू द्या, कोण वाचतंय, आजच्या दिवशी आईबाप लेकीकडे बघतात, स्वतःच्या छातीकडे नाही. आणि तसंच झालं. दिवसभरात चारपाच जणांनी वाचलं असेल. एक गृहस्थ तक्रार करायला आले — मोठे अधिकारी असावेत, चष्मा काढून बोलत होते. आणि एक आजोबा होते, ते म्हणाले, राहू दे गं पोरी, फार वर्षांनी कोणीतरी म्हटलं.

अध्यक्षसाहेबांच्या भाषणाला होतात ना तुम्ही? मग ऐकलं असेल, 'तुम्ही आम्हाला रोप द्या, आम्ही तुम्हाला झाड परत देऊ.' एकोणीस वर्षं तेच रोप आणि तेच झाड. मी एकदा म्हटलंसुद्धा, साहेब, आधी पाण्याचं तेवढं बघा, दुसऱ्या मजल्यावर नळाला धार नाही. हसले नाहीत. पण टाळ्या काय पडतात हो त्या वाक्याला! बाया डोळे पुसतात, बाप लोक छताकडे बघतात. तुम्हीही छताकडेच बघत होतात, मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला आले होते तेव्हा दिसलात. म्हटलं, हे पंखे मोजतायत. किती आहेत? सांगा की. बघा, चौदा! मला माहीत होतं तुम्ही मोजले असणार.

चेष्टा करतेय हो, मनावर घेऊ नका. तुमच्यासारखे बरे. नाहीतर एकेक नमुने येतात. एका मुलीसोबत अकरा माणसं आली होती, अकरा, खोलीत पलंग दोन, मुलगी बिचारी बाहेर उभी आणि आत तिच्या आत्या आणि माम्या मिळून कपाट कुठे हवं ते ठरवतायत. कपाट भिंतीत बसवलेलं आहे! एक आई घरून ब्रश घेऊन आली आणि न्हाणीघर घासायला बसली. माझी घासणारी बाई दारात उभी राहून बघत होती, तिला वाटलं आपली नोकरी गेली. आणि एक काका, गादी मऊ आहे का बघतो म्हणून आडवे झाले ते तिथेच घोरायला लागले. घरच्यांनी सगळीकडे शोधलं. संध्याकाळी शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्याकडे आली, म्हणते, मावशी, शेजारणीचे वडील माझे रूम पार्टनर म्हणून राहणार आहेत का?

मला? मला किल्लीमावशी म्हणतात सगळ्या. हा फळा बघितलात ना मागचा — तीनशे बारा खिळे. प्रत्येक खोलीच्या दोन किल्ल्या. एक मुलीला, सही घेऊन, आणि दुसरी इथे खिळ्यावर. बाहेर जायचं तर किल्ली इथे लावायची, आली की इथून न्यायची. पहिल्या दिवशीच एकेकीला सांगते, किल्ली म्हणजे तुझी, बापाच्या हातात द्यायची नाही, भावाच्या खिशात ठेवायची नाही. कारण आहे त्याला — दरवर्षी एखादी किल्ली परगावी जाते. सामान चढवताना दार बापानं लावलेलं असतं, किल्ली सवयीनं खिशात, आणि मग दोनशे मैलांवरून फोन, 'मावशी, घोळ झाला.' सवयच असते ना, घरचं कुलूप रोज आपणच लावायचं, आपणच ओढून बघायचं. काय झालं? काही नाही ना? मला वाटलं उठताय. बसा.

माझी? हो, आहे की. एकच, मुलगीच. मोठी झाली आता, नोकरी करते. शिकायला बाहेर गेली त्याला सहा वर्षं झाली. मी रडले का? छे हो! मला कुठला वेळ. तिच्या कॉलेजचा पहिला दिवस आणि इथला स्वागताचा दिवस एकाच तारखेला आला, आता काय करता? तीनशे किल्ल्या कोण वाटणार? एकोणीस वर्षांत या दिवशी मी दांडी मारलेली नाही. रेक्टरबाई म्हणाल्या होत्या, तू जा, मी बसते खिडकीत — म्हणजे म्हणाल्या होत्या, खोटं कशाला बोलू. आठ दिवस आधीच म्हणाल्या होत्या. मीच म्हटलं, तुम्हाला जमायचं नाही, खिळे उलटसुलट होतील. लोकांना सांगायला बरं वाटतं हो, कामामुळे जाता आलं नाही. कोणी पुढे विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत, पण का कोण जाणे — मला भीती वाटली, बाकी काही नाही. इतक्या वर्षांत इतके आईबाप बघितले इथे उभे राहून मोडताना, त्यांना मी हसले, चहा पाजला, वाटेला लावलं. मला वाटलं, तिथे त्या परक्या फाटकात मला कोण वाटेला लावणार? तिच्यासमोर मी मोडले तर?

गेली एकटी. दोन बॅगा घेऊन. तिथल्या फॉर्मवर एक रकाना होता, 'सोबत आलेल्या पालकाची सही'. तिनं स्वतःच ठोकली माझी सही. हुबेहूब. पोट सुटलेला प आणि सगळं. मला फोनवर हसत हसत सांगितलं, आणि मीपण हसले. आणि त्या दिवशी इथलं सगळं उरकून घरी गेले तर दाराजवळच्या खिळ्यावर तिची किल्ली. घराची. मी आयुष्यभर पोरींना सांगत आले ना, जाताना किल्ली खिळ्याला लावून जा, तर तीही लावून गेली. शिस्तीची आहे. माझ्यावर गेलीय. नाही नाही, भांडण वगैरे काही नाही हो! येते की, वर्षातून दोनदा तरी येते. फोन करते, मावशी कशा आहेत विचारते — चुकलं, आई कशी आहेस विचारते. फक्त बेल वाजवते. आपल्याच घराच्या दारात बॅग घेऊन उभी राहते आणि बेल वाजवते, आणि मी उघडेपर्यंत पायपुसण्यावर पाय पुसत असते. मला ते बघवत नाही. म्हटलं नाही कधी तिला. काय म्हणणार, आत ये म्हणायच्या आधी ती आतच येते.

जाऊ दे, मी कुठे वाहवत गेले. तुमचं बोलू. तुमचा डावा हात दोनपासून खिशात आहे. बाहेर येतो, परत आत जातो. मी खिडकीत बसते दादा, मला दुसरं कामच काय? काढा बाहेर. माझ्याकडे देऊ नका, नुसती काढा. हं. दोनशे सतरा. मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, विसरलो वगैरे म्हणू नका, विसरलेला माणूस केव्हाच गाडी काढून गेला असता. तुम्हाला आपलं बरं वाटत होतं, किल्ली आहे तोवर वर जायला एक कारण आहे. मग जात का नव्हतात? — कळलं. देऊन टाकली की कारणही संपलं.

आता मी जे सांगणार आहे ते मला सांगू नका म्हणून सांगितलेलं आहे. पण माझ्या पोटात काही राहत नाही. तीनच्या सुमाराला तुम्ही त्या नळावर पाणी प्यायला गेला होतात ना, तेव्हा तुमची मुलगी जिन्यानं खाली आली होती. निळा बिल्ला, तेल लावलेली वेणी, बरोबर? खोलीला कुलूप, ती बाहेर. हिची पार्टनर उद्या येणार. मी म्हटलं, अगं रडतेस काय, दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, ही बघ, ही, या खिळ्यावर. काढून पुढे केली. तर घेईना. म्हणते, नको मावशी. म्हटलं, नको काय, तासभर दारात उभी राहणार आहेस? म्हणते, किल्ली बाबांच्या खिशात आहे, मला माहितेय, त्यांनी लावलं तेव्हा मी बघितलं. मग माग की जाऊन, बाकावर तर बसलेत! तर म्हणते कशी — 'मागितली की ते जातील.'

तेव्हापासून बसलीय ती वर. दाराबाहेर, जमिनीवर, पायांना मिठी मारून. मी मघाशी जाऊन बघून आले. तुम्ही खाली, ती वर, आणि मधे माझा चहा गार होतोय. अहो, आता डोळे कसले पुसताय, उठा! चारनंतर पुरुषांना वर सोडत नाहीत. त्या घड्याळाकडे काय बघता, ते पंधरा मिनिटं मागे आहे. स्वागताच्या दिवशी मीच मागे लावून ठेवते, रेक्टरबाईंना अजून पत्ता नाही. तर तुमच्याकडे पाच मिनिटं आहेत, आणि मनात आणलं तर वीस.

थांबा, थांबा, एक मिनिट. माझी लेक असते त्याच गावचे ना तुम्ही, अर्जावर पत्ता वाचला मी सकाळी. तिथल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी करते ती, रिपोर्ट देतात त्या खिडकीत. खिडकीतच बसते तीपण. ही एवढी — ही माझ्या जुडग्यातली काढून देते, ही तिची. सहा वर्षं मीच वागवतेय बरोबर. रस्त्यातच पडेल तुम्हाला. फक्त द्या, म्हणावं आईनं दिलीय, बेल वाजवत जाऊ नकोस. पत्ता लिहून देते — माझं अक्षर लागेल ना तुम्हाला? प सांभाळून वाचा —

नको. आणा इकडे. आणा हो, द्या ती परत. तुमच्या हातून पाठवते म्हणजे मग मीही... नको. रविवारी मीच जाईन. बिल्लेही उरलेत चिक्कार, एक लावूनच जाते.

तुम्ही अजून इथेच? दोनशे सतरा, जिना चढून डावीकडे, सकाळपासून चार चकरा झाल्यात तुमच्या, आता काय हात धरून नेऊ? दार तिलाच उघडू द्या, तुम्ही उघडू नका. आणि तो बिल्ला असू द्या अंगावर. रडलात तरी कोणी काही म्हणणार नाही.

जा आता. मी खिडकी लावून घेतेय. कोण वर गेलं, कोण कधी खाली आलं, मला काही दिसलेलं नाही.