आमच्या घराला चाकं आहेत

...आणि वर वर्गातल्या मुली मलाच विचारतात, ‘अय्या, म्हणजे तुम्ही ट्रकमध्ये राहता?’ ट्रक नाही हो, कॅरव्हॅन! ट्रकला इंजिन असतं. आमचं घर जीपच्या मागे जोडावं लागतं. आत दोन पलंग आहेत, एक शेगडी, एक बेसिन, आणि एक संडास, ज्याची टाकी दर शुक्रवारी बाबा स्वतः रिकामी करतात, आणि नेमकं तेव्हाच मला आणि आईला खाडीकाठी फिरायला जावंसं वाटतं. तुम्हाला सांगते, वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. पण कुणी ‘ट्रक’ म्हटलं की मला बोलावंच लागतं.

झालं असं, की २००९ साल उजाडलं आणि दुबईतल्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. क्रेन थांबल्या म्हणून बाबांची कंपनी थांबली, कंपनी थांबली म्हणून पगार थांबला, आणि अल बर्शातल्या फ्लॅटचा घरमालक मात्र काही थांबेना, त्याला वर्षाचं भाडं एका चेकने हवं होतं. चाळीस मजली टॉवरचं सिमेंट मोजणारे आमचे बाबा, प्रकाश त्यांचं नाव, एक दिवस घरी आले आणि खिशातून टेप काढून म्हणाले, “साडेसहा मीटर.” काय साडेसहा मीटर? तर त्यांचा स्कॉटिश साहेब गाशा गुंडाळून मायदेशी चालला होता आणि त्याची कॅरव्हॅन बाबांनी विकत घेतली होती. आई, म्हणजे मृणालिनी, हातातली कणीक तशीच घेऊन बसली. बाबा म्हणाले, “अगं, आता घरमालकाची कटकट नाही. आपल्या घराला चाकं आहेत.”

हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा म्हटलं गेलंय ना, की ते दारावर पाटी म्हणून लावलं तरी चालेल.

बाबांना अजमानला छोटी नोकरी लागली, आणि आम्ही उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी एका कॅरव्हॅन पार्कात येऊन राहिलो. पार्क म्हणजे काय, वाळू, नळ, विजेचे खांब आणि बदरुन्निसा मॅडम. मॅडम मूळच्या हैदराबादच्या, पार्कच्या मॅनेजर. जागेचं भाडं महिन्याला बाराशे दिरहम. कुंदामावशीने, म्हणजे अल बर्शातल्या आमच्या जुन्या शेजारणीने, फोनवर लगेच हिशोब केला, “म्हणजे पंधरा हजार रुपये? वाळूचे?” बाबा तिकडून ओरडले, “सांग तिला, आपल्या घराला चाकं आहेत.”

आता गंमत बघा. दुबईतल्या टॉवरांची भाडी धडाधड उतरत होती आणि आमच्या वाळूचं भाडं चढत होतं. का? तर बाबांना सुचलेली कल्पना बाबांनंतर सगळ्यांनाच सुचली. आम्ही आलो तेव्हा पार्कात सहा कॅरव्हॅन होत्या, दिवाळीला एकतीस! मॅडम दारात येऊन म्हणाल्या, “मैं क्या करूं भाईसाब, डिमांड इत्ता है. पंद्रह सौ. खलास.” बाबा छाती काढून म्हणाले, हमारे घर को चाकं... चक्के... पहिये हैं, हम चले जाएंगे. मॅडम म्हणाल्या, “जाओ ना, बाहर चार खड़े हैं.” आम्ही पंधराशे दिले.

आणि अशात मला कुत्रा हवा होता. तोसुद्धा पिल्लू नाही! शाळेत प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेचा एक फोटो लावला होता. नोकऱ्या गेल्यावर लोक रातोरात देश सोडत होते, सामान नेत होते आणि कुत्री ठेवून जात होते. फोटोतला हा कुत्रा दहा वर्षांचा, तपकिरी, तोंडाशी पांढरा झालेला, एक कान अर्धा. रिकाम्या व्हिलाच्या फाटकाला बांधलेला सापडला होता. मी घरी काही बोलले नाही, फोटोची प्रत फ्रिजवर चिकटवली आणि चार दिवस फ्रिज उघडल्यावर उसासे टाकले. पाचव्या दिवशी आईने फोन केला.

संस्थेची बाई घर तपासायला येणार होती. कुठल्या दिवशी, ते आईने विचारलं नाही. आणि बाई नेमकी आली जानेवारीत, आईच्या हळदीकुंकवाच्या दिवशी.

साडेसहा मीटरमध्ये बारा बायका! अल बर्शाहून दोन गाड्या भरून आल्या होत्या, खास आमचा ‘ट्रक’ बघायला. कुंदामावशी पलंगावर, दोघी संडासाच्या दाराला टेकून, एक बेसिनपाशी अशी अडकली की तिला वळताच येईना. तेवढ्यात दारात तेरावी बाई उभी, हातात फाइल, टी-शर्टवर संस्थेचं नाव. आईने काय करावं? दाराशी आलेल्या सवाशिणीला विचारायचं असतं का कोण, कुठली? फाइल उघडायच्या आत तिच्या कपाळाला हळदकुंकू, तळहातावर तिळगूळ आणि फाइलवर वाणाचं स्टीलचं भांडं.

त्या संस्थेच्या बाई, अर्चना मॅडम, गोंधळल्या. हिंदीत म्हणाल्या, हे मी घेऊ शकत नाही, तपासणीला गेल्यावर भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम आहे. आईचा चेहरा पडला. “वाण परत नाही हो घेत कुणी,” ती पुटपुटली. भांडं इकडून तिकडे, तिकडून इकडे. बारा बायकांच्या माना भांड्याबरोबर.

बाबांना वाटलं, आता आपणच वातावरण हलकं करावं. ते दारातून मान आत घालून म्हणाले, “मॅडम, जागेची चिंता नको. उद्या वाटलं तर कुठेही जाऊ. आपल्या घराला चाकं आहेत!”

अर्चना मॅडमनी भांडं पलंगावर ठेवून नुकती फाइल उघडली होती. त्यांचं पेन थांबलं.

त्यांनी फाइल मिटली आणि सांगितलं, की हा कुत्रा त्या फाटकापाशी तीन आठवडे शेजारपाजारचे टाकतील ते खात बसून होता, येणारी प्रत्येक गाडी आपली असं समजून. आता गाडी सुरू झाली की थरथरतो. कसाबसा आज त्याला इथवर आणला. त्याला कायमची जागा हवी, आणि तुम्ही तर आज इथे, उद्या तिथे. सॉरी.

मी दाराशी होते. बाहेर मॅडमच्या गाडीतून तो कुत्रा उतरला होता आणि आमच्या चाकाजवळच्या सावलीत पडला होता, डोळे त्या गाडीवर ठेवून, आता हीसुद्धा जाणार अशा तयारीत. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, मी बोलले. बारा अधिक एक बायकांसमोर, इतक्या मोठ्याने की बेसिनपाशी अडकलेलीने एकदम वळून पाहिलं.

“आम्ही इथून हलणार नाही. मी सांगते ना.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. कुंदामावशीनेही. मग आई म्हणाली, “आभा बोलली म्हणजे झालं.” अर्चना मॅडमनी बराच वेळ मला न्याहाळलं, मग ते वाणाचं भांडं उचललं, आमच्या नळाखाली भरलं आणि बाहेर त्याच्यापुढे ठेवलं. “मैंने नहीं लिया,” त्या म्हणाल्या. “ये इनका है.”

कागदावर त्याचं नाव ड्यूक होतं. आई म्हणाली, एवढ्या वयस्कर माणसाला अरे ड्यूक, ये ड्यूक काय करायचं? म्हणून तो आप्पा. अहो आप्पा, जेवून घ्या. आप्पा, सरका जरा, केर काढायचाय. माझ्या पलंगावर आप्पा झोपतात, मी खाली गादी घालते, गुडघे त्यांचे दुखतात ना.

आणि मार्चमध्ये बदरुन्निसा मॅडम पुन्हा दारात. “अठारह सौ.”

बाबा भडकले. साडेबावीस हजार रुपये, वाळूचे! म्हणाले, बास, रास अल खैमाला स्वस्त जागा आहे, यल्ला, बांधा सामान. आईने बरण्या गुंडाळल्या. मी काही बोलले नाही. बोलायचं ते जानेवारीतच बोलून झालं होतं ना? बाबांनी चाकांखालच्या विटा काढल्या, जीप मागे घेतली, घर जोडलं, इंजिन सुरू केलं.

आप्पा उठले. थरथरत दोन पावलं जीपकडे गेले, थांबले, मागे फिरले आणि आमच्या घराच्या डाव्या चाकाला पाठ टेकून बसले. या खेपेला त्यांना दोर नव्हता. ते आपण होऊन बसले होते. बाबांनी हाक मारली, “आप्पा, चला, आपण सगळेच जातोय, तुम्हीपण.” आप्पांनी डोळे मिटले. मी जाऊन त्यांच्या शेजारी वाळूत बसले.

इंजिन बराच वेळ चालू होतं. मग बंद झालं. बाबा उतरले, एकेक वीट परत चाकाखाली सरकवली, डाव्या चाकाची सगळ्यात शेवटी, आप्पांना धक्का न लावता. आणि ताठ मानेने मॅडमच्या ऑफिसात जाऊन एकदम वर्षभराच्या करारावर सही करून आले. तुम्हाला सांगते, चाळीस मजली टॉवर उभा राहिला तेव्हाही मला बाबा एवढे उंच वाटले नव्हते.

संध्याकाळी कुंदामावशीचा फोन. अठराशे दिले? अहो, दुबईत आता फ्लॅट स्वस्त झालेत, कशाला राहता तिथे? बाबांनी फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाले, “कुंदाताई, आपल्या घराला चाकं आहेत.”

आहेत ना. चार आहेत. त्यातल्या एकाला आप्पा टेकून झोपतात, म्हणून बाकीच्या तिघांनाही सुट्टी.