वहिनीच्या नावाचा किडा

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब टाकून डोळे मिटून बसायला सांगितलं, तेव्हा शिंप्याला ऐकण्याखेरीज काही उद्योग उरला नाही. शेजारी म्हातारे भाऊ-बहीण बोलत होते.

"दादा, वहिनीला अजून सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? दगडात सापडलेल्या समुद्री किड्याला तिचं नाव दिलं, तर महिनाभर अबोला धरला होता तिनं. फुलं संपली होती का, म्हणे."

"आता येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगते."

"तेच ना! आणि आता कळतंय की त्याच किड्याला कुणीतरी माझ्या चार वर्षं आधीच नाव देऊन ठेवलंय. पहिलं नाव तेच खरं, असा नियम. संग्रहालयातली पाटीसुद्धा बदलली."

"पन्नास कोटी वर्षं निमूट पडून होता मेला. आणखी चार वर्षं कळ काढायला काय झालं होतं?"

दार उघडलं. काठी टेकत कुणीतरी आलं.

"अहो, उद्या पट्टी सुटणार. आधी संग्रहालयात जायचं. तेव्हा रागानं आले नाही, नंतर दिसेनासं झालं. पाटीवरचं माझं नाव एकदा स्वतः वाचायचंय."

"तिथं दुरुस्ती चालू आहे गं."

"मग झाल्यावर जाऊ."

"जाऊ."

नर्सने शिंप्याला डोळे उघडायला सांगितलं.

"राहू द्या जरा," तो म्हणाला.