बॉनेटवरची बंदूक

नामिबियातल्या ओकाकाराराच्या पेट्रोलपंपावर वेझुवा कॅन घेऊन रांगेत उभी होती. पुढच्या पिकअपची काच खाली होती आणि आत सासरा-जावयाचं जुंपलं होतं.

“हरणाच्या पोटात गोळी, जावईबापू. कमाल केलीत.”

“बंदूक बॉनेटवर टेकवून मारली, मामा. खाली टोपीसुद्धा ठेवली.”

“नळी टेकवलीत?”

“नाही, पुढचं लाकूड. तुम्ही सांगता तसं. अर्धा श्वास सोडून दम धरला.”

“मग बोट थरथरलं.”

“बोट नाही. बॉनेट.”

“बॉनेट कशानं थरथरेल?”

“इंजिन चालू होतं. बंद केलं की ढकलल्याशिवाय परत चालू होत नाही. त्या रानात एकट्यानं ढकलायची कशी?”

“म्हणजे दम तुम्ही धरलात आणि गाडीला धडधडू दिलंत.”

“रक्ताचा माग आहे. सापडेल.”

“आणि नाही सापडला तर? परवाना एकाच कुडू हरणाचा, तो या गोळीत संपला. शनिवारी धाकटीच्या लग्नात माझी तांबडी कालवड कापू?”

पंपवाला खिडकीशी आला. “इंजिन बंद केल्याशिवाय भरणार नाही.”

“मामा, बंद केलं तर...”

“करा बंद.”

टाकी भरली. जावयानं किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं नाही. सासरा बंदूक घेऊन स्टिअरिंगकडे सरकला.

“सकाळी बंद केलं असतंत, तर कुडू आत्ता मागच्या हौद्यात असता आणि ढकलायला मी स्वतः उतरलो असतो. आता तुम्ही उतरा.”

वेझुवानं कॅन खाली ठेवला आणि हात लावायला ती पुढे झाली.

“राहू दे, बाई. एकट्यानं ढकलता येते का, ते बघू दे त्यांना.”