माझ्या कबरीतली मिहरदुख्त

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष परमपूज्य बिशप मार हबीब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि माझ्याकडे न बघणारे धर्मगुरू दिनहा, ज्येष्ठ मंडळी, आणि खांबांमागे दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

तुम्ही माझा सत्कार केलात, शाल दिलीत, डोंगरातल्या मठापर्यंत पोचवायला गाढव दिलंत. आभारी आहे. पण निरोप नेमका कुणाला देताय? हुतात्मा शुशान म्हणून तुम्ही मला आधीच एकदा पुरलंय.

दिनहा, खोकू नका. बोलू द्या.

जुन्या शहेनशहानं आपल्या ख्रिस्ती माणसांना तुरुंगात डांबलं होतं; नव्या शहेनशहानं तुरुंग उघडले आणि मी आपल्या या कर्खा शहरात परत आले. बघते तर आमच्याच अंगणात माझी कबर! वर दिवा, कडेला माणसांची रांग. कबरीची माती तेलात कालवून आजाऱ्यांना लावताय. शेजारच्या मामीनं मला दारातून आत ओढलं. मला वाटलं, आता कुशीत घेईल. तर म्हणते, "अगं बये, जिवंत आहेस ते ठीक, पण गवगवा करू नकोस. माझ्या सुनेला तुझ्या मातीनं दिवस गेलेत!" आता यावर माणसानं काय बोलावं? अभिनंदन करावं की माफी मागावी?

कबरीत मग आहे कोण, हे मात्र एकानंही विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. मिहरदुख्त. किल्ल्यातल्या शिपायांच्या भाकऱ्या भाजायची. बाप्तिस्मा घेतला म्हणून तिला माझ्या कोठडीत आणून टाकलं. अंगावर धड कापड नव्हतं, कुडकुडत होती. आम्हा व्रतस्थ बायकांचं ते तपकिरी लोकरी ओढणं मी तिला पांघरायला दिलं. सकाळी तिला नेलं ते त्यातच. चेहरा ओळखण्यासारखा त्यांनी ठेवला नाही. तुम्ही ओढणं बघितलंत आणि 'आपली शुशान' म्हणून उचलून आणलंत.

शहेनशहाच्या सूर्यपूजक धर्माचा पुरोहित, तोच न्यायाधीश, तिला म्हणाला होता, "सूर्यापुढं मान लव, सोडतो." ही म्हणाली, "जन्मभर त्याच्या देखत भाकऱ्या भाजल्या, साहेब. एक उलटून दिली नाही त्यानं!" मी कोठडीतून ऐकत होते. माझ्या तोंडून तर शब्द फुटत नव्हता. पण स्मरणदिनी दिनहा माझ्या हौतात्म्याची जी कथा वाचून दाखवतात, तीत मी बोलते, आणि काय बोलते! स्वर्गातला नवरदेव काय, पांढरी कबुतरं काय! कुठून आणलीत हो ही कबुतरं?

बिशप महाराज काल मला समजावत होते, "बाळ, मिहर हे त्यांच्या सूर्यदेवाचं नाव. वेदीपुढं कसं घ्यायचं? लोकांची श्रद्धा मोडेल." महाराज, त्याच नावानं हाक मारून तिला बाहेर नेलं, आणि ती 'आले' म्हणून उठली. तुम्हाला ते नुसतं उच्चारणं जड जातंय?

मी जाईन. भांडायला आता अंगात त्राण नाही. पण तिच्यासाठी रडणारं या जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मला ते रडूही देत नाही तुम्ही. त्या कबरीशी बसले की बायका म्हणतात, बघा, वेडी स्वतःसाठीच रडतेय.

शालीबद्दल, गाढवाबद्दल, सगळ्यांचे मनापासून आभार. जिवंत परत येण्यात माझ्याकडून काही चूक झाली असेल तर पदरात घ्या. महाराज, आता तुम्ही वेदीपुढं मृतांची नावं घ्याल. शुशान म्हणू नका. मिहरदुख्त म्हणा. एकदाच म्हणा. मी इथं उभी राहून ऐकते, तिच्यासाठी पोटभर रडते, आणि निघते.