क्विल्टींच्या पणजोबांचं गाव

...नाही, भांडा ना, भावाबहिणींनी नाही भांडायचं तर कुणी, पण पणजोबा कुठल्या गावचा यावरून नऊ वर्षं अबोला? आणि राहतात कुठे, तर इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात एकाच रस्त्यावर, ही बारा नंबरला, तो अठ्ठावीसला, आणि मधे वीस नंबरला आम्ही. म्हणजे हिला त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची तर मला विचारणार, त्याला हिच्या झाडाची लिंबं हवीत तर मला सांगणार. तुम्हाला सांगतो, मी हॉस्पिटलात आयटी सपोर्ट करतो, दिवसभर डॉक्टरांची आणि प्रिंटरची भांडणं सोडवतो, आणि घरी आलो की हे.

ही म्हणजे नोरीन क्विल्टी, वय त्र्याऐंशी, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तो तिचा धाकटा भाऊ डेस, एकोणऐंशीचा, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. यांचा पणजोबा मायकल क्विल्टी अठराशे बासष्ट साली आयर्लंडहून जहाजाने आला, रेल्वेचे रूळ टाकले आणि इथेच वारला. झालं, एवढंच. पण मार्चात नोरीनच्या गाडीची बॅटरी बसली, मी आपला केबल घेऊन तिच्या गॅरेजमध्ये गेलो, तर लॉनमोवरच्या शेजारी चादर पांघरून काहीतरी उभं. मी विचारलं. विचारायला नको होतं. तिने चादर काढली, आत काळ्या ग्रॅनाइटचा दगड, त्यावर मायकलचं नाव, वारल्याचं साल, खाली 'जन्मगाव', आणि पुढे... काही नाही. गुळगुळीत.

दोघांनी मिळून करायला दिलेला दगड, हो! शेवटच्या ओळीवर अडलं. नोरीन म्हणते, क्लेअर परगणा, कारण तिथे समुद्राकाठी क्विल्टी नावाचं गावच आहे. डेस म्हणतो, टिपररी, कारण तो एकदा टूरवर गेला होता तेव्हा टिपररीच्या एका पबवाल्याने त्याचं नाक बघून सांगितलं, मेट, हे नाक आमचंच. हा पुरावा! नऊ वर्षं!

मी हसणार होतो, पण नोरीन दगडावरची धूळ बाहीने पुसत होती. "त्याच्या कबरीवर नुसता लोखंडी नंबर आहे, फॅबियन," ती म्हणाली. "मला तिथे त्याचं नाव लागलेलं बघायचंय. आणि मी काही तरुण होत नाहीये."

आता यावर शहाणा माणूस काय म्हणेल? बघू या म्हणेल. मी म्हणालो, नो वरीज, दोन आठवड्यांत शोधून देतो. लूसी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, अरे आधी आयर्लंड नकाशात दाखव. पण मला खात्री होती. का? मी वसईचा. लग्नाआधी दोन वर्षं आमच्या चर्चच्या ऑफिसात बसून जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या नकला केल्यात, वाळवीने खाल्लेल्या, शाई उडालेल्या, लॅटिनमध्ये लिहिलेल्या. रजिस्टर वाचायला मला शिकवू नका!

आणि आडनावाचं तर मला मुळीच सांगू नका. मी परेरा. मग काय मी पोर्तुगालचा? आमच्यात पुणेकर, नागपूरकर असतात, आडनावातच पत्ता, पोस्टमनची सोय. पण सगळ्यांचं तसं नसतं, हे मी नोरीनला तासभर समजावलं. ती म्हणाली, "क्लेअर, लव्ह."

मग बसलो. मायकलच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापाची नावं होती, जॉन क्विल्टी आणि होनोरा, माहेरची शीही. जन्मस्थळ? आयर्लंड. अरे अख्खा देश! बरं, लग्नाचा दाखला मागवला, तिथेही तेच. पण खाली साक्षीदार होता, बार्थोलोम्यू शीही. हे कोण, मी विचारलं. डेस म्हणाला, असेल कुणी दोस्त. दोस्त? आईचं माहेर शीही, साक्षीदार शीही, आणि म्हणे दोस्त! अहो, माणूस एवढ्या लांब एकटा येतो का? मी आलो तेव्हा ब्रिस्बेनच्या विमानतळावर मला घ्यायला कोण उभा होता? माझा मावसभाऊ केल्विन. त्याच्याआधी त्याचा मेहुणा. अशीच येतात माणसं, एकमेकांचं बोट धरून. मी म्हणालो, मायकलला सोडा, हा मामाकडचा माणूस पकडा.

तर तो सापडला कुठे? इथेच, मायकलच्याच कबरस्तानात, तीस रांगा पलीकडे. नऊ वर्षं ही दोघं वेगवेगळ्या रविवारी तिथे फुलं ठेवत होती, आणि उत्तर तीस रांगांवर पडलं होतं. मी गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने शेवाळ पुसलं, तर अक्षरं आली, 'परगणा लिमरिक', आणि त्याआधी गावाचं नाव, 'रॅथ', पुढचं झिजलेलं.

क्लेअर नाही, टिपररी नाही. लिमरिक! पण हे तर शीहीचं गाव झालं, मायकलचा कशावरून? नकाशा उघडला, तर त्या भागात रॅथ दोन. रॅथमोर आणि रॅथबेग. लूसी म्हणाली, संपलं आता. मी म्हणालो, छे, आता तर सोपं झालं. त्यांच्या भाषेत मोर म्हणजे मोठं, बेग म्हणजे लहान. म्हणजे काय? वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द! एकच चर्च, एकच वही. तिकडच्या जुन्या वह्यांचे फोटो इंटरनेटवर आहेत, मी एकेक पान मोठं करून बघत गेलो, फादरचं अक्षर असं की मुंगी शाईत बुडून चालत गेलीये, पण रजिस्टर वाचायला मला... हं. अकरा रविवार लागले. दोन आठवडे म्हणालो होतो, असू दे. आणि मिळालं. अठराशे अडतीस, मायकल, बाप जॉन क्विल्टी, आई होनोरा शीही, गॉडफादर शीही, म्हणजे मामाच, आणि गाव रॅथबेग. खुर्द! मी खुर्चीतून उठून लूसीला मिठी मारली. ती कांदा चिरत होती.

दोघांना घरी बोलावलं. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं, मधे लूसीचा रव्याचा केक. मी सगळे कागद मांडले, लॅपटॉप टीव्हीला जोडला, दाखला, साक्षीदार, कबर, वही, एकेक पायरी समजावली, आणि शेवटी म्हणालो, रॅथबेग, लिमरिक.

डेस, नऊ वर्षांत पहिल्यांदा, बहिणीकडे वळला. "नोर, तू याला असलं काही सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

"आपल्या घरात लिमरिकचं कुणी नाही."

"कध्धीच नव्हतं," नोरीन म्हणाली, आणि दोघं उठली, माझ्या कागदांकडे न बघता बाहेर पडली. खिडकीतून बघतो तर तिने त्याचा दंड धरलेला, दोघं हळूहळू बारा नंबरकडे चाललेली, आणि डेसचं तोंड चाललेलं, बहुतेक माझ्याविषयीच. केक तसाच. लूसी म्हणाली, निदान बोलायला तरी लागली. मी म्हणालो, अगं पण पुरावा!

तीन आठवडे काही नाही. लिंबं हवीत म्हणून कुणी आलं नाही, गुडघा कसा आहे म्हणून कुणी विचारलं नाही. मला चक्क करमेना. मग एका सकाळी दगडवाल्याची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, बारा नंबरसमोर उभी, आणि ऑगस्टात, इथल्या ऐन थंडीत, आम्हाला कबरस्तानात यायचं बोलावणं.

तुम्हाला सांगतो, वारा असा की हाडं वाजत होती, पण चाळीस-एक माणसं जमली, ब्रिस्बेनहून, कुठून कुठून. डेसने कापड ओढलं. 'जन्मगाव रॅथबेग, परगणा लिमरिक.' नोरीनने हातमोजा काढला आणि अक्षरांवरून एकेक करत बोट फिरवलं, शेवटपर्यंत, आणि डेस तिच्या मागे तिची पर्स धरून उभा. 

मग चहाच्या वेळी त्यांच्या एका भाचीने विचारलं, नोरीन आंटी, लिमरिकचं कसं कळलं गं? मी घसा साफ केला. कोटाचं बटण लावलं. कागद गाडीतच होते.

"कळायचं काय त्यात," नोरीन म्हणाली, "मम ऑल्वेज सेड लिमरिक."

"ऑल्वेज," डेस म्हणाला.

मी म्हणालो, नोरीन, मग माझे अकरा रविवार?

तिने माझ्या हातावर थोपटलं, अगदी प्रेमाने.

"तू विचारलंच नाहीस, लव्ह."